गाथासप्तशतींतील फाल्गुन

महाराष्ट्री प्राकृतांतील गाथासप्तशती हा आपल्या भूमीशीं नातें सांगणारा सर्वांत जुना काव्यसंग्रह, असें आपण अभिमानानें म्हणतों. गोदावरीचीं तीरें आणि विंध्याचे पायथे, तागाचीं व कापसाचीं शेतें, गांवच्या पाटलाची लेक आणि नांगर धरणारा तरुण हीं सारीं तिच्यांत भेटतात, आणि मधल्या शतकांचें अंतर क्षणभर नाहींसें होतें. परंतु हा आपला ग्रंथ आपण कोणाच्या डोळ्यांनीं वाचतों, हा प्रश्न आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं स्वतःला विचारला असेल. मलाहि तो पुष्कळ वर्षें सुचला नाहीं. सुचला तो एका विद्यार्थिनीच्या आक्षेपामुळें. त्याची हकीकत पुढें येईलच. प्रस्तुत लेखांत गाथेंतील फाल्गुनोत्सवाच्या निमित्तानें मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, वसंतोत्सवांतील प्रणय म्हणजे बंधनें सुटलेल्या मनाचा धिंगाणा नव्हे. कोणीं कोणाशीं बोलावें, काय बोलावें आणि काय बोलूं नये, ह्याची ती एक नेमकी शिस्त असते. ती न जाणतां जो वाचक ह्या काव्याकडे जातो, तो काव्य वाचीत नाहीं. स्वतः रचलेली एक गोष्ट त्यावर लादतो.

ग्रंथाचा इतिहास वाचकांस परिचित आहे. तो दोन शब्दांत आटपतों. सातवाहन कुळांतील हाल राजानें एक कोटी गाथांतून सातशें निवडल्या, असें संग्रहांतीलच एक गाथा सांगते. परंपरेनें हालाचा काल इसवी सनाचें पहिलें शतक मानिला जातो; संग्रहांत मागाहून भर पडत गेली, हें उघड आहे. बाणभट्टानें हर्षचरितांत सातवाहनाच्या ह्या कोशाचा गौरव केला आहे. आल्ब्रेख्त वेबर ह्या जर्मन पंडितानें 1870 मध्यें कांहीं भाग व 1881 मध्यें संपूर्ण ग्रंथ छापला, तेव्हां निरनिराळ्या पाठपरंपरांत मिळून अवघ्या 430 गाथा समान असल्याचें दिसून आलें. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काव्यमालेंत तो गंगाधरभट्टाच्या टीकेसह निघाला, आणि 1956 मध्यें सदाशिव आत्माराम जोगळेकर यांनीं विस्तृत प्रस्तावनेसह तो मराठी वाचकांच्या हातीं दिला. म्हणजे ग्रंथ दुर्मिळ आहे, ही सबब आतां राहिलेली नाहीं.

फाल्गुनाच्या खेळाशीं संबंध असलेल्या दोन गाथा मी विचारासाठीं घेतों. पहिलींत एका तरुणीनें प्रियकरावर उधळण्याकरितां सुगंधी चूर्णाची मूठ भरली आहे. ती हर्षानें फुलली आहे आणि थरथरतहि आहे. उधळूं उधळूं म्हणते तों हाताला सुटलेल्या घामानें त्या चूर्णाचें मुठींतच सुगंधी पाणी होऊन जातें. दुसरींत खेळ संपला आहे. एकीच्या वक्षःस्थळावर कोणी चिखल माखला आहे आणि ती तो धुऊं लागली आहे. मैत्रीण तिला म्हणते, फाल्गुनोत्सवांत जो निर्दोष ठरतो असा हा चिखलाचा साज तुला कोणी तरी दिला. तो तर तुझ्या घामानेंच धुऊन निघाला आहे, मग हा पाण्याचा खटाटोप कशाला?

ह्या दोन गाथा शेजारीं ठेविल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. एक खेळाच्या क्षणभर आधींची आहे, दुसरी खेळाच्या क्षणभर नंतरची. प्रत्यक्ष खेळ, तो गलका, तीं वाद्यें, तो जमाव दोहींतहि नाहीं. कवीनें उत्सव वगळला आणि त्याच्या दोन्ही कांठांवर उभी असलेली एकेक स्त्री तेवढी उचलली. शिवाय दोन्ही गाथांचा कणा एकच आहे, आणि तो म्हणजे घाम. अलंकारशास्त्र त्याला सात्त्विक भाव म्हणून मोकळें होतें. पण येथें त्या घामाचें काम अधिक बारीक आहे. सणानें स्पर्शाला मोकळीक दिली आहे; फेकणाऱ्याला दोष नाहीं, झेलणारीलाहि नाहीं. घामाला मात्र सणाची परवानगी लागत नाहीं आणि सणाचें पांघरूणहि पुरत नाहीं. रूढि ज्या कृत्याला निर्दोष ठरविते, त्यांतील दडलेला भाव शरीर कबूल करून टाकतें. गाथेंतील विनोद आणि कोवळेपणा दोन्ही ह्या विसंगतींतून निघाले आहेत. 'निर्दोष' हा शब्द काढून टाका. मागें एक सवंग शृंगारिक दृश्य उरेल. तो शब्द ठेवा. मग त्या स्त्रीच्या भोंवतीं सारें गांव, त्याचा कायदा आणि त्या कायद्यानें दिलेली वर्षांतील एका दिवसाची सूट उभी राहते.

सातव्या शतकांतील हर्षाच्या रत्नावली नाटिकेशीं ह्याची तुलना करून पाहावी. तिच्या पहिल्या अंकांत कौशांबीचा वसंतोत्सव आहे. नागरिक सुगंधी चूर्ण उधळतात, शिंगाच्या पिचकाऱ्यांनीं पाणी उडवितात, आणि राजा हें सर्व प्रासादावरून पाहतो. पुढें राणी अशोकाखालीं मदनाची पूजा करते. वर्णन मोठें देखणें आहे, पण तें वरून पाहिलेलें आहे. त्यांत रंग आहे, चिखल नाहीं. हालाच्या गाथेंत चिखल आहे, आणि तो माखलेल्या अंगाच्या अगदीं जवळून पाहिलेला आहे. आपल्याकडे आजहि होळीच्या दुसऱ्या दिवसाला आपण धुळवडच म्हणतों. रंग खेळण्याचा खरा दिवस रंगपंचमी, आणि तो चार दिवसांनीं येतो. धूळ, राख आणि चिखल यांचा हा वेगळा दिवस मराठी खेड्यानें राखून ठेविला आहे. गाथेंतील तो कर्दम आणि आपली धुळवड ह्यांमध्यें अखंड परंपरा आहे, असा दावा मी करीत नाहीं. परंतु मराठी वाचकाला ती गाथा समजावयास कोशाची गरज पडूं नये, इतकें खास.

असें असतां ती आपल्याला अवघड कां वाटते? माझ्या मतें ह्याचें कारण टीकाकारांच्या अवतरणिकांत आहे. गाथा म्हणजे दोन ओळींचें बोलणें. कोण बोलतें, कोणाशीं आणि कोणत्या प्रसंगीं, हें ती बहुधा सांगत नाहीं. ही रिकामी जागा संस्कृत टीकाकारांनीं भरली. प्रत्येक गाथेच्या माथ्यावर त्यांनीं एक लहानसें वाक्य ठेविलें: अमुक नायिका दूतीला सांगते, सखी जाराला ऐकूं जाईल अशा बेतानें पतीला सांगते, वगैरे. एकाच गाथेला दोन टीकाकार दोन वक्ते देतात, असेंहि घडतें.

टीकाकारांचा अधिक्षेप करण्याचा माझा हेतु नाहीं. गाथेला प्रसंग लागतो, हें त्यांनीं बरोबर ओळखिलें. प्रसंग न सांगतां सुचविण्याची गाथेची जी शक्ति, तिच्याच आधारानें नवव्या शतकांत आनंदवर्धनानें ध्वनीचा सिद्धांत मांडिला. गोदेच्या कांठीं हिंडणाऱ्या एका धार्मिक गृहस्थाला कोणी स्त्री सांगते कीं, आतां तूं निर्धास्त फीर, तुला त्रास देणाऱ्या कुत्र्याला तेथील झाडींतल्या सिंहानें मारिलें आहे. 'फीर' म्हणतां म्हणतां 'फिरकूं नकोस' असें सांगणारी ही गाथा ध्वन्यालोकांत अगदीं आरंभीं येते. आपल्या काव्यशास्त्रांतील सर्वांत सूक्ष्म विचाराला एका खेडवळ बाईच्या लबाडीचें उदाहरण मिळावें, ही गाथेची थोरवीच होय.

तथापि टीकाकारांचा प्रसंग एका ठराविक साठ्यांतून येतो. त्या साठ्यांत नायक, नायिका, सखी, दूती, पति आणि जार एवढींच पात्रें असतात आणि बहुतेक जागा संकेतस्थळें असतात. महिना, पीक, सण आणि नातें हीं त्या साठ्यांत नाहींत. एक उदाहरण देतों. साळीचीं शेतें पिकून पांढुरकीं पडूं लागलीं म्हणून एक तरुणी मान खालीं घालून रडत आहे. दुसरी तिला दाखविते कीं, तिकडे तागाचा मळा हरताळानें तोंड रंगविलेल्या नटीसारखा सजला आहे. आतां साळी कापल्या जाऊन भेटीची जागा गेली आणि तागांत नवी मिळाली, हा टीकाकारांचा अर्थ बरोबरच आहे. पण तेवढ्यानें गाथा संपत नाहीं. ताग पिवळ्या फुलांनीं भरतो आणि साळी वाळूं लागतात, ह्या संधिकालावर ती उभी आहे. तिच्यांतील प्रेमाचें वेळापत्रक शेताच्या वेळापत्रकानें ठरतें. हें ज्याला दिसलें त्याला हेंहि दिसतें कीं, रडणारी आणि समजावणारी ह्या दोघीहि शेतांत राबणाऱ्या बाया आहेत. 'नायिका' आणि 'सखी' ह्या नांवांखालीं त्यांचे हात झांकले गेले आहेत.

अशाच प्रकारचा प्रश्न दूर चीन देशांत उभा राहिला होता आणि तेथें त्याचें एक उत्तरहि दिलें गेलें. तें आपणांस उपयोगी पडेल म्हणून सांगतों. चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह जो शी-चिंग, त्यांत 305 कविता आहेत आणि त्यांपैकीं 160 निरनिराळ्या राज्यांतील गीतें आहेत. त्यांतील एका गीतांत वसंतांत दोन नद्या दुथडी भरून वाहतात. तरुण आणि तरुणी कांठावर हिंडतात, थट्टा करतात आणि निरोप घेतांना एकमेकांना फुलें देतात. परंपरागत टीकाकारांनीं ह्या गीतावर शिक्का मारिला कीं, राज्यांतील अनाचारावर ही टीका आहे. फ्रेंच पंडित मार्सेल ग्राने ह्यानें 1919 मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही नीतिपर अवतरणिका दूर सारली. हीं गीतें मुळांत ऋतूंच्या उत्सवांत मुलांच्या व मुलींच्या समोरासमोर उभ्या असलेल्या तांड्यांनीं आळीपाळीनें म्हटलेलीं आहेत, असें त्यानें प्रतिपादिलें. आणि आधारासाठीं नैऋत्य चीनच्या डोंगरी जमातींच्या चालीरीतींकडे बोट दाखविलें.

त्या डोंगराळ मुलुखांतच, क्वेईचौ प्रांतांत व त्याच्या लगत, बुयी आणि तुंग ह्या दोन जमाती राहतात. प्रत्येकीची संख्या सुमारें 35 लाख आहे आणि दोघींच्या भाषा थाई भाषेच्या दूरच्या बहिणी आहेत. तुंगांच्या गांवांत लांकडी नगारा-मनोरे असतात. ज्याला तिकडे महागीत म्हणतात, तें अनेक आवाजांचें गायन ते वाद्यांवांचून आणि सूत्रधारावांचून करतात. युनेस्कोनें 2009 मध्यें त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत केली. भात देहाला पोसतो आणि गाणें मनाला, अशी त्यांची म्हण आहे. रात्रीं एखाद्या घरांत मुली सूत कांतीत किंवा भरतकाम करीत एकत्र बसतात. दुसऱ्या कुळांतील मुलगे तंतुवाद्य घेऊन येतात, आणि गाण्यांतून प्रश्न व गाण्यांतून उत्तर असें चालतें. बुयी लोकांत तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेच्या वसंतोत्सवांत व इतर जत्रांत तरुण-तरुणी समोरासमोर गाणीं म्हणतात; कोठें कोठें भरतकामाची लहानशी पिशवी एकमेकांकडे फेकण्याचा खेळहि असतो.

बाहेरच्या प्रवाशाला हें सारें स्वैर प्रेमाचें नंदनवन वाटतें. पण जवळून पाहिलें तर तेथें नियमांची गर्दी आहे. आपल्या कुळांतल्या मुलीपुढें गाता येत नाहीं. गाणाऱ्याला शेंकडों गाणीं पाठ असावीं लागतात, आणि समोरच्या गाण्याला जोडीचें गाणें सुचलें नाहीं तर हार मानावी लागते. आणखी महत्त्वाचें हें कीं, बुयी समाजांत जुन्या काळीं लग्न बहुधा आईबापच ठरवीत, आणि लग्नानंतरहि मुलगी कांहीं काळ माहेरींच राही. म्हणजे उत्सवांतील गाणें लग्नांत शेवटास जाईलच, असें नव्हे. गाण्याचें मोल लग्नावर अवलंबून नव्हतें. ज्यांचें आयुष्य दुसऱ्यांनीं ठरविलें होतें अशा तरुणांना वर्षांतून कांहीं दिवस स्वतःच्या तोंडानें बोलण्याचा हक्क तें देत असे, आणि त्या हक्काची किंमत म्हणून नीट बोलण्याची अट घालीत असे.

तर मग ग्रानेची रीत जशीच्या तशी हालाच्या गाथांना लावावी काय? मला तसें वाटत नाहीं. येथें उतावळेपणा केला तर एक अवतरणिका काढून दुसरी चिकटविल्यासारखें होईल. बुयी-तुंगांचें गाणें उत्तराची वाट पाहतें. गाथेला उत्तर येत नाहीं. ती एकटीच बोलते आणि थांबते. तिचा छंद आर्येचा, घडण घोटीव. तिच्यांत 'पामर' हा शब्द ज्या सुरांत येतो, तो सूर नगरांतील माणसाचा आहे. तेव्हां गाथा म्हणजे लोकगीत, हें आपलें आवडतें विधान सोडून द्यावें लागेल. गाथा उत्सवांत गायिलेलें गाणें नव्हे. उत्सव ठाऊक असलेल्या माणसानें घरीं परत आल्यावर रचलेली ती आठवण आहे. वरील दोन गाथांत प्रत्यक्ष खेळ कां नाहीं, ह्याचें उत्तरहि मला येथें सांपडतें. खेळ सगळ्यांचा असतो, तो गाण्यांत मावतो. खेळापूर्वींचें कांपणें आणि खेळानंतरचें धुणें एकटीचें असतें. त्याला गाथा लागते. उत्सव समजल्यावांचून हें एकटेपण समजत नाहीं, आणि टीकाकारांनीं उत्सव गाळल्यामुळें ह्या एकटेपणाची धार गेली, हीच माझी तक्रार आहे.

नगर आणि शेत ह्यांची ही जवळीक कशी असेल, ह्याची कल्पना आम्हां धाराशिवकरांना थोडी येऊं शकते. तेरणेच्या कांठचें आमचें तेर म्हणजे प्राचीन तगर. फ्लीटनें विसाव्या शतकाच्या आरंभीं ही ओळख पटविली, आणि ती पुढें मान्य झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक प्रवासवृत्तांत पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हें शहर सांगितलें आहे, आणि तेथून साधें कापड व मलमल गाड्यांनीं भडोचच्या बंदराकडे जाई असें म्हटलें आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयांत त्या काळच्या मातीच्या मूर्ति पाहावयास मिळतात. पाँपेई येथें सांपडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशीं मिळतीजुळती मूर्ति ह्याच गांवीं निघाली. आतां एक गाथा आठवा. कापसाच्या शेताच्या नांगरणीचा मुहूर्त आहे. घरची बाई नांगरावर मंगलचिन्ह काढीत आहे. आणि पुढें त्या कापसांत होणाऱ्या भेटीच्या विचारानें तिचे हात थरथरत आहेत. ज्या नगराची श्रीमंती कापडावर उभी आहे, त्या नगराच्या रसिकाला हें शेत परकें नव्हतें. तो नांगरणीचा मुहूर्त जाणतो आणि थरथरणारे हातहि पाहतो. पण नांगर तो स्वतः धरीत नाहीं. जवळून पाहणें आणि किंचित् दुरून हंसणें, हा गाथेचा स्वभाव अशा शहरांच्या वेशीवर घडला असावा, असा माझा तर्क आहे. आज त्या काळ्या जमिनींत बहुतेक सोयाबीन दिसतें. तेवढा फेरफार वाचकानें मनांत करून घ्यावा.

आतां त्या विद्यार्थिनीची हकीकत. मी पोटापाण्यासाठीं इंग्रजी वाङ्मय शिकवितों. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासपत्रिकेसाठीं कांहीं वर्षांपूर्वीं मी वर्गांत गाथांचीं इंग्रजी भाषांतरें वाचून दाखवीत होतों. चिखलाची गाथा आली. मी टीकाकारांच्या रस्त्यानें गेलों. 'कोणी तरी' ह्या शब्दांवर थांबून मीं सांगितलें कीं, गर्दींत चिखल टाकणारा कोण होता हें नायिकेला कळलेंच नाहीं, आणि हा अज्ञात पुरुषाचा स्पर्श हेंच येथील रहस्य. तुळजापूरकडील एका तांड्यावरून येणारी एक मुलगी मागच्या बांकावर बसत असे. ती सहसा बोलत नसे. ती उठून म्हणाली, "सर, कोणीं टाकला हें तिला ठाऊक आहे. मैत्रिणीलाहि ठाऊक आहे. नांव घेतलें तर सण राहणार नाहीं, भांडण होईल. म्हणून 'कोणी तरी'."

वर्ग हंसला, मी हंसलों नाहीं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या अध्यापनांत एका शब्दाचा इतका सरळ अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. तिला तो टीकेंतून मिळाला नव्हता, होळींतून मिळाला होता. बंजारा तांड्यांत होळी हा वर्षाचा मोठा सण. ती संध्याकाळीं न पेटतां दुसऱ्या दिवशीं पहाटे पेटते. गेरिया म्हणजे खेळणारे तरुण, गेरणी म्हणजे खेळणाऱ्या स्त्रिया. गोरमाटी बोलींतील लेंगी गीतें दोन्ही बाजूंनीं म्हटलीं जातात. वर्षभरांत जन्मलेल्या मुलाचा धुंड हा विधि होतो. आणि स्त्रियांच्या हातांतल्या काठ्यांचा मार पुरुष हंसत खातात. लेंगींत थट्टा असते, आणि ती बोचरीहि असते. पण ती कोणीं कोणाची करावी, हें ठरलेलें असतें. दीर आणि भोजाई ह्यांच्यांत जें चालतें, तें इतर नात्यांत चालत नाहीं.

मीं आणखी एक चूक केली. उत्साहाच्या भरांत मीं तिला विचारलें कीं, तुमच्याकडे ह्या खेळांतून लग्नें जमत असतील, नाहीं का? तिचा चेहरा उतरला. "नाहीं सर," ती म्हणाली, "लग्न गोत पाहून होतें. तांड्यांतले बहुतेक भाऊबंदच असतात. होळी ही होळी असते." मीं जी अवतरणिका टीकाकारांच्या गळ्यांत बांधून त्यांना नांवें ठेवीत आलों, तीच मी तिच्या सणाला लावूं पाहत होतों, हें त्या क्षणीं माझ्या ध्यानांत आलें.

ही चूक माझ्या एकट्याची असती तर ती येथें सांगण्याचें कारण नव्हतें. सातपुड्यांत होळीच्या आधींच्या आठवड्यांत भोंगऱ्या बाजार भरतात. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत आणि पलीकडे मध्य प्रदेशांत झाबुआ-अलीराजपूरकडे भिल्ल, पावरा इत्यादि आदिवासी ढोल-बांसऱ्या घेऊन, चांदीचे दागिने घालून त्या बाजारांना येतात, आणि होळीसाठीं गूळ, डाळ्या व साखरेचे हार घेऊन जातात. वृत्तपत्रांनीं व सहलींच्या जाहिरातींनीं ह्या बाजारांचें नांव 'लग्नाचा बाजार' असें करून टाकिलें. मुलानें गुलाल लाविला, मुलीनें उलट लाविला, कीं दोघें पळून गेलीं, अशी ती ठराविक गोष्ट असते. त्या समाजांतील शिकलेल्या तरुणांनीं ह्या वर्णनाचा वारंवार निषेध केला आहे. हा होळीच्या खरेदीचा आणि भेटीगांठींचा बाजार आहे. त्यांत कोणा दोघांची मनें जुळलीं तर तीं कोठल्याहि जत्रेंत जुळतात तशीं, असें त्यांचें म्हणणें. मला तें विचारार्ह वाटतें. प्रेम तेथें नसतेंच असें नव्हे. पण सणाच्या माथ्यावर तेवढें एकच वाक्य लिहिलें म्हणजे सण दिसेनासा होतो आणि तेथें आलेली प्रत्येक मुलगी त्या वाक्यांतील पात्र होऊन बसते. ढोलाच्या तालावर नाचणाऱ्या पोरीचें न विचारतां छायाचित्र घेणारा प्रवासी नायिकाभेदाचीच परंपरा चालवीत असतो. फरक एवढाच कीं, गाथेंतली स्त्री त्याला जाब विचारूं शकत नाहीं, आणि ही विचारूं शकते.

कोणी म्हणेल कीं, हें समाजशास्त्र झालें. ह्याचा रसग्रहणाशीं काय संबंध? संबंध असा कीं, 'कोणी तरी' ह्या दोन शब्दांचा अर्थ बदलला कीं गाथेचा रस बदलतो. टाकणारा अज्ञात असेल तर ती एका अचानक स्पर्शाची गाथा होते. सुखद असली तरी साधी. टाकणारा सर्वांना ठाऊक असून नांव घ्यावयाचें नसेल, तर मैत्रिणीच्या प्रश्नांत तीन माणसें येतात, त्यांचें गुपित येतें आणि तें गुपित राखण्याचा गांवाचा करार येतो. ती चिखल धुते आहे तो लाजेनें नव्हे. घामानें तो आपोआप धुऊन निघाला हें कोणाला दिसूं नये म्हणून धुते आहे. 'निर्दोष', 'कोणी तरी' आणि घाम हे तिन्ही धागे तेव्हां एकाच गांठींत येतात. हा अर्थ अधिक नीतिमान् आहे म्हणून मी तो घेत नाहीं. त्यांत गाथेंतील एकहि शब्द वायां जात नाहीं, म्हणून घेतों. आणि टीकाकाराला ह्याहून दुसरी कसोटी नाहीं.

ह्यावरून एक मागणी सुचते. गाथासप्तशतीची नवी मराठी आवृत्ति कोणी काढील तर त्यानें गंगाधराची टीका अवश्य द्यावी. तिच्यावांचून अनेक गाथा उलगडणार नाहींत. पण तिच्या शेजारीं दुसरी टीपहि असावी. महिना कोणता, पीक कोणत्या अवस्थेंत आहे, सण असल्यास कोणता, बोलणारांचें नातें शब्दांवरून कितपत ठरतें, आणि जेथें ठरत नाहीं तेथें तें न ठरविण्याचा प्रामाणिकपणा. ही टीप लिहिण्यास संस्कृतज्ञ पुरणार नाहीं. त्याला शेतकऱ्याकडे जावें लागेल, तांड्यावर जावें लागेल, आणि तेथें प्रश्न विचारण्यापूर्वीं थोडें ऐकावें लागेल. मीं स्वतः त्या दिवशीं ऐकण्याआधीं विचारलें, आणि एका चांगल्या विद्यार्थिनीला संकोचांत टाकिलें. पुढल्या तासाला मीं वर्गांत माझा पहिला अर्थ मागें घेतला आणि तिचा अर्थ फळ्यावर लिहिला. ती मान खालीं घालून तो आपल्या वहींत उतरून घेत होती.